शिक्षाग्रंथांतील उच्चारदोष आणि अडखळणारा विद्यार्थी

जुन्या वैदिक घराण्यांचीं दप्तरें चाळतांना संहितेच्या व ब्राह्मणाच्या मोठ्या पोथ्यांच्या आड चार-सहा पानांची एखादी शिक्षेची पोथी वारंवार हातीं लागते. दशग्रंथी अध्ययनांत शिक्षेचा समावेश असल्यामुळें ती विद्यार्थ्यास मुखोद्गत करावी लागे, आणि त्यामुळें तिच्या नकलाहि पुष्कळ झाल्या. संग्राहक अशा पोथीकडे फारसें लक्ष देत नाहींत. ग्रंथ छापला गेला आहे, प्रती विपुल आहेत, पाठ बहुधा अशुद्ध आहे; तेव्हां यादींत नांव व पत्रसंख्या टिपून पोथी पुन्हा बासनांत जाते. प्रस्तुत लेखांत या लहानग्या ग्रंथांकडे आम्ही थोड्या निराळ्या दृष्टीनें पाहणार आहों. ज्या मुलास नीट बोलतां येत नाहीं त्याच्यासाठीं शाळेनें काय करावें, हा प्रश्न आज प्रत्येक शिक्षकापुढें आहे. त्याच प्रश्नाला आपल्या पाठशाळांनीं काय उत्तर दिलें होतें, हें या पोथ्यांवरून बरेंच समजतें. तें उत्तर एक नसून दोन आहेत, व तीं परस्परविरुद्ध आहेत, असें आमचें मत आहे.

प्रथम ही पाठशाळा कशी चालत असे तें पाहूं. शौनकाच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या ऋक्प्रातिशाख्याच्या पंधराव्या पटलांत अध्यापनाची रीत सांगितली आहे. गुरूनें पूर्वेस किंवा उत्तरेस तोंड करून बसावें. शिष्य एक किंवा दोन असल्यास त्यांनीं गुरूच्या उजव्या बाजूस बसावें, अधिक असल्यास जागा असेल तसें बसावें. शिष्यांनीं गुरूचे पाय धरून पाठ देण्याची विनंती करावी, गुरूनें ओंकारानें ती मान्य करावी, आणि मग गुरूनें म्हणावें व शिष्यांनीं त्यामागून म्हणावें. मध्येंच कांहीं उलगडा हवा असल्यास शिष्यानें ‘भोः’ असें म्हणून विचारावें, व गुरूनें शंका फेडून पुढें जावें. तीन ऋचांचा एक प्रश्न, व सुमारें साठ प्रश्नांचा एक अध्याय, असें मान दिलें आहे. या वर्णनांत पाटी नाहीं, पोथी नाहीं, लेखणी नाहीं. सर्व विद्या तोंडांतून कानांत व कानांतून तोंडांत जाते. अशा शाळेंत ज्याची जीभ अडखळते त्याची सर्व विद्याच अडते. उच्चारदोषांचा इतका बारीक विचार वेदांगांत कां झाला, याचें कारण येथेंच आहे.

हा विचार किती बारीक आहे तें त्याच ग्रंथाच्या चौदाव्या पटलावरून कळतें. तेथें दोषांस नुसतीं नांवें ठेवलेलीं नाहींत, तर प्रत्येक दोष मुखांतील कोणत्या क्रियेमुळें घडतो तेंहि सांगितलें आहे. ओंठ आंवळून बोलल्यानें ‘अंबूकृत’ होतो, तोंड फुगविल्यानें ‘शून’ होतो, जिव्हामूळ दाबून धरल्यानें ‘ग्रस्त’ होतो; जबड्यांच्या चुकीच्या हालचालीनें होणारे दोष निराळे, व नाकांतून स्वर काढल्यानें होणारा निराळा. ही यादी शिव्यांची नव्हे, निदानाची आहे. विद्यार्थी चुकला इतकें म्हणून ग्रंथकार थांबत नाहीं. कोठें चुकला तें दाखवितो, म्हणजे अर्थातच कोठें सुधारावें तेंहि दाखवितो. पटलाच्या शेवटाकडे त्यानें असेंहि मान्य केलें आहे कीं, दोष मोजूं गेल्यास त्यांचा अंत लागणार नाहीं. परंतु लक्ष देणाऱ्यास शुद्ध उच्चाराचें स्वरूप शास्त्रावरून पूर्णपणें समजूं शकतें.

पाणिनीच्या नांवावर चालणाऱ्या शिक्षेंत याच विषयाची दुसरी बाजू दिसते. या शिक्षेची साठ श्लोकांची वाचना सर्वत्र परिचित आहे. तींत वाईट पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत: गाणें म्हटल्यासारखा म्हणणारा, घाई करणारा, मान हलविणारा, लिहिलेलें पाहून वाचणारा, अर्थ न जाणणारा, आणि बारीक गळ्याचा. पोथ्या जमविणाऱ्या आम्हां मंडळींस चवथा प्रकार वाचून थोडें ओशाळवाणें वाटावें हें योग्यच आहे. त्यानंतर पाठाच्या दोषांची लांब यादी येते, आणि त्या यादींत अगदीं आरंभींचीं दोन नांवें ‘शंकित’ व ‘भीत’ अशीं आहेत. म्हणजे, आपण चुकूं अशी शंका घेऊन बोलणें, व भिऊन बोलणें. पुढें त्याच यादींत घाईनें बोलणें, रेंगाळत बोलणें, गद्गद होऊन अडखळणें, अक्षरें गिळणें, दीनवाणें बोलणें हीं येतात. जीभ, दांत व टाळू यांच्या आधीं भीतीचें नांव यावें, ही गोष्ट आमच्या मतें फार अर्थपूर्ण आहे. शिक्षाकारानें वर्गांत बसून मुलांचें बोलणें ऐकलें होतें, याचा याहून चांगला पुरावा मिळणें कठीण.

या दोन्ही ग्रंथांतील याद्या एकत्र ठेवून पाहिल्यास उच्चारदोषांचे तीन वर्ग सहज पडतात. पहिला देहाचा: ओंठ, दांत, जीभ, नाक यांच्या रचनेमुळें किंवा चुकीच्या हालचालीमुळें होणारा. दुसरा मनाचा: भीति, शंका, घाई, दैन्य यांमुळें होणारा. तिसरा संवयीचा, म्हणजे घरीं व गांवीं जसें बोलतात तसें बोलल्यामुळें दिसणारा. हा तिसरा वर्ग शिक्षाग्रंथांत दोष म्हणून ठळक येत नाहीं, परंतु पतंजलीच्या महाभाष्यांत त्याविषयीं एक मार्मिक कथा आहे. पस्पशाह्निकांत ‘यर्वाणस्तर्वाण’ नांवाच्या ऋषींचा उल्लेख येतो. ‘यद् वा नः, तद् वा नः’ असें म्हणावयाचें तेथें ते ‘यर्वाणः तर्वाणः’ असें म्हणत, म्हणून त्यांचें तेंच नांव पडलें. परंतु यज्ञकर्माच्या वेळीं ते असें बोलत नसत. आणि पतंजलि त्यांस धर्माचें प्रत्यक्ष ज्ञान झालेले, जाणावयाचें तें सर्व जाणणारे, असे म्हणून गौरवितो. घरचें बोलणें एक व शास्त्राचें बोलणें दुसरें असूं शकतें, आणि घरच्या बोलण्यानें मनुष्याची योग्यता उणी होत नाहीं, हें तत्त्व त्यानें येथें स्वच्छ मान्य केलें आहे. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलास ‘पाणी’ म्हणावयास लावतांना त्याच्या आईच्या भाषेलाच दोष देणाऱ्या आमच्या शाळांनीं ही कथा ध्यानांत धरण्याजोगी आहे.

आतां उपायांकडे वळूं. पाणिनीयशिक्षेंत एक उपमा आहे, ती प्रत्येक वैदिकास ठाऊक असते. वाघीण पिलांस दाढेंत धरून नेते, तीं खालीं पडूं नयेत व त्यांस दांतहि लागूं नयेत अशी काळजी घेते. वर्णांचा उच्चार तसा करावा. दाब पाहिजे, पण बेताचा. जिभेच्या ताणाविषयीं इतकी नेमकी सूचना याहून थोड्या शब्दांत देतां येणार नाहीं. दुसरा उपाय गतीचा. ऋक्प्रातिशाख्यांत व अनेक शिक्षांत पठनाच्या तीन वृत्ति सांगितल्या आहेत: स्वतःच्या आवृत्तीसाठीं द्रुत, प्रत्यक्ष प्रयोगासाठीं मध्यम, व शिष्यांस शिकविण्यासाठीं विलंबित. म्हणजे सावकाश बोलण्याची जबाबदारी प्रथम गुरूवर टाकली आहे. आजचे वाक्‌चिकित्सक अडखळणाऱ्या मुलाच्या आईबापांस व शिक्षकांस हेंच सांगतात कीं, मुलास ‘हळू बोल’ म्हणून दटावूं नका, तुम्ही स्वतः हळू बोला. तिसरा उपाय शरीराचा. नारदीय व याज्ञवल्क्य या शिक्षांत पहाटे उठून आंबा, पळस, बेल, आघाडा, शिरीष इत्यादिकांच्या काडीनें दांत घासावे, व मिठाबरोबर त्रिफळा घ्यावा, म्हणजे स्वर व वर्ण स्वच्छ होतात, असें सांगितलें आहे. औषधाच्या गुणाविषयीं वैद्यांनीं बोलावें; आमचें म्हणणें इतकेंच कीं, ग्रंथकारानें विद्यार्थ्याच्या तोंडाची व गळ्याची निगा ही शिक्षणाचाच भाग मानली होती.

येथवर पाठशाळेचें पहिलें उत्तर झालें: दोष ओळखा, कारण शोधा, सावकाश शिकवा. दुसरें उत्तर याच्या अगदीं उलट आहे, आणि तेंहि त्याच परंपरेंत लिहून ठेवलेलें आहे.

पाणिनीच्या अष्टाध्यायींत चवथ्या अध्यायाच्या चवथ्या पादांत दोन सूत्रें आहेत (६३ व ६४). पाठ म्हणून दाखवितांना ज्याच्या हातून चुका झाल्या त्यास कोणता शब्द लावावा, तें त्यांत सांगितलें आहे. काशिकावृत्तीप्रमाणें परीक्षेच्या वेळीं ज्याची एक चूक झाली तो ‘ऐकान्यिक’, दोन झालेला ‘द्वैयन्यिक’, आणि बारा झालेला ‘द्वादशान्यिक’. या शब्दांत ‘अन्य’ म्हणजे जें म्हणावयाचें त्याहून निराळें म्हटलेलें. चुका मोजून त्या आंकड्यावरून मुलास नांव पाडण्याची रीत इतकी रूढ होती कीं, व्याकरणास तिच्यासाठीं स्वतंत्र प्रत्यय सांगावा लागला. याच ‘अन्य’ शब्दाचा दुसरा उपयोग महाभाष्यांत पहिल्याच सूत्राच्या विवरणांत सांपडतो. उदात्त म्हणावयाचा तेथें विद्यार्थी अनुदात्त म्हणतो, तेव्हां खंडिकोपाध्याय, म्हणजे मुलांकडून वेदाचे खंड म्हणवून घेणारा गुरु असा अर्थ आम्ही घेतों, ‘तूं भलतेंच करतोस’ असें सांगून त्याच्या तोंडांत मारतो. तेथेंहि ‘अन्यत्’ हाच शब्द आहे. सूत्रांतील मोजदाद व भाष्यांतील थप्पड या एकाच शाळेच्या दोन गोष्टी आहेत. ज्या परंपरेनें ‘भीत’ हा दोष यादीच्या आरंभीं मांडला, तिच्याच गुरूनें थप्पड मारून तो दोष मुलाच्या अंगीं रुजवावा, हा विरोध शिक्षाकारांच्या नजरेस आला होता कीं काय, अशी शंका येते.

याहून कठोर वचन याज्ञवल्क्यशिक्षेंत आहे. ज्याचे दांत विक्राळ, ज्याचे ओंठ लोंबते, ज्याचें बोलणें अस्पष्ट किंवा सानुनासिक, जो गद्गद म्हणजे अडखळणारा, व जो बद्धजिह्व, तो वर्णोच्चारास पात्र नाहीं, असें तेथें म्हटलें आहे. आणि लगेच, ज्याची प्रकृति उत्तम, दांत व ओंठ सुंदर, जो धीट व विनयशील, तो पात्र, असेंहि सांगितलें आहे. ज्या शब्दांनीं एका ग्रंथानें निदान केलें, जवळजवळ त्याच शब्दांनीं दुसऱ्यानें दार लावलें. धर्मशास्त्राचा कलहि तोच. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत जन्मांध, बधिर, जड व मूक यांस दायभागांतून वगळलें आहे. त्यांस अन्नवस्त्र द्यावें एवढी मात्र आज्ञा आहे. पोटाची सोय झाली, शाळेची झाली नाहीं. आणि ज्यांस जन्मामुळें किंवा स्त्रीत्वामुळें या पाठशाळेचा उंबराच ओलांडतां येत नव्हता, त्यांच्या बोलण्याचा विचार या ग्रंथांत मुळींच नाहीं, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

पेशवाईंत पुण्यास श्रावणमासीं दक्षिणा वांटली जाई, तेव्हां वैदिकांची परीक्षा होत असे. परीक्षेंत उतरलेल्याचें नांव यादींत चढे. अडखळून परत फिरलेल्या मुलाची यादी कोणी केली नाहीं. त्याचा इतिहास म्हणूनच लिहितां येत नाहीं, आणि तो मूक राहिला याचें कारण तो मुका होता हें नव्हे.

शिक्षाग्रंथांचा अर्वाचीन अभ्यास सुरू झाला त्यांत पुण्याचा वांटा मोठा आहे. मार्टिन हौग १८५९ पासून १८६६ पर्यंत येथें संस्कृतचे अध्यापक होते. वैदिक स्वरांवरचा त्यांचा ग्रंथ १८७४ त निघाला. त्यांच्यामागून आलेले फ्रान्ट्‌स कीलहॉर्न यांनीं शिक्षाग्रंथांवरचा आपला महत्त्वाचा लेख १८७६ त ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला, व महाभाष्याची संशोधित आवृत्ति १८८० ते १८८५ या काळांत मुंबईंत प्रसिद्ध केली. काशीस १८९३ त युगलकिशोर व्यास यांचा ‘शिक्षासंग्रह’ निघाला. सिद्धेश्वर वर्मा यांनीं १९२९ त या सर्व वाङ्मयाची ध्वनिशास्त्रदृष्ट्या छाननी केली, व मनोमोहन घोष यांनीं १९३८ त पाणिनीयशिक्षेच्या निरनिराळ्या वाचना एकत्र छापल्या. या सर्वांचें लक्ष ग्रंथाच्या काळाकडे, कर्त्याकडे व शास्त्राकडे होतें, आणि तें योग्यच होतें. ज्याच्यासाठीं शास्त्र रचलें तो विद्यार्थी मात्र या चर्चेंत बाजूस राहिला.

ज्या काळीं पुण्यास हें संशोधन चाललें होतें, त्याच काळीं मुंबईंत एक निराळी घटना घडली. बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानें १८८५ च्या सुमारास तेथें बहिऱ्या-मुक्या मुलांची शाळा निघाली. कलकत्त्यास तशी शाळा १८९३ त निघाली. युरोप-अमेरिकेंत तेव्हां बहिऱ्या मुलांस तोंडानें बोलावयास शिकविण्याच्या पद्धतीचा जोर होता. मूल ऐकूं शकत नाहीं, तेव्हां ओंठ-जिभेचें स्थान त्यास डोळ्यांनीं दाखवावयाचें, व शिक्षकाच्या गळ्यावर त्याचा हात ठेवून नाद आहे कीं नुसता श्वास आहे, हें बोटांस कळूं द्यावयाचें. ‘प’ व ‘ब’ यांतील भेद अशा रीतीनें हाताला समजतो. तैत्तिरीय प्रातिशाख्याच्या दुसऱ्या अध्यायांत हाच भेद सांगितला आहे: कंठ मिटलेला असतां नाद होतो, उघडा असतां श्वास होतो. व्हिटनी यांनीं हें प्रातिशाख्य १८७१ त इंग्रजी भाषांतरासह छापलें. त्याच वर्षीं अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे बॉस्टन येथें बहिऱ्या मुलांस वडिलांच्या ध्वनिलिपीच्या साह्यानें शिकवूं लागले. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी ध्वनिशास्त्रावर भारतीय वैयाकरणांचें ऋण मोठें आहे, हें जे. आर. फर्थ यांनीं १९४६ त स्पष्ट कबूल केलें आहे. स्थान-प्रयत्नांचें जें ज्ञान आमच्याकडे सुदृढ जिभेच्या विद्यार्थ्यांपुरतें राखून ठेवलें होतें, त्याच जातीचें ज्ञान ज्यास कधींच शब्द ऐकूं आला नव्हता अशा मुलापर्यंत पोंचविण्याचा प्रयत्न मुंबईंत झाला. आमच्या दृष्टीनें या घटनेचें महत्त्व हें आहे.

अर्थात् त्या पद्धतीनेंहि आपली थप्पड बरोबर आणली होती. १८८० त मिलान येथें भरलेल्या परिषदेनें बहिऱ्यांच्या शाळांतून हातांच्या खुणांची भाषा काढून टाकण्याच्या बाजूनें ठराव केले, व पुढें कित्येक पिढ्यांच्या मुलांस स्वतःची भाषा चोरून वापरावी लागली. २०१० त व्हँकूव्हर येथील परिषदेनें ते ठराव अमान्य केले. बोलावयास शिकविणें ही एक गोष्ट, व बोलल्यावांचून माणूस मानणार नाहीं म्हणणें ही दुसरी; पहिलीचें रूपांतर दुसरींत फार लौकर होतें.

बहिरें नसलेल्या परंतु अडखळणाऱ्या शाळकरी मुलांसाठीं मँचेस्टर येथें १९०६ त व शिकागो येथें १९१० त शाळांतर्फे स्वतंत्र सोय झाली. आपल्याकडे म्हैसूर येथील वाक्-श्रवण संस्था १९६५ त व मुंबईची राष्ट्रीय श्रवण संस्था १९८३ त स्थापन झाली. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यांत वाणी व भाषा यांच्या विकलतेस स्वतंत्र स्थान मिळालें. याज्ञवल्क्यशिक्षेनें बाहेर ठेवलेल्या बद्धजिह्वास कायद्यानें आंत घेतलें, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु त्या कायद्यांतील व्याख्या कायमच्या विकलतेची असून ती शारीरिक व मज्जाविषयक कारणांवर उभी आहे. भीतीनें अडखळणारें मूल तींत सहजासहजीं बसत नाहीं. शिक्षाकारांनीं ज्यास आरंभींचें स्थान दिलें तो ‘शंकित’ व ‘भीत’ विद्यार्थी आजहि वर्गशिक्षकाच्या शहाणपणावरच सोडलेला आहे. एका युगानें देहाचा दोष बाहेर ठेवून मनाचा दोष ओळखला. दुसऱ्यानें देहाचा दोष पदरीं घेतला, व मनाचा नजरेआड राहिला. दोहोंचें ज्ञान एकत्र करणें हें काम राहिलें आहे, व त्यांतील अर्धें ज्ञान आमच्या बासनांत आहे.

म्हणून संग्राहक मंडळींस आमची विनंती अशी. शिक्षेची पोथी दुबार प्रत म्हणून टाकूं नये. तिच्या समासांतील खुणा, वरखालीं दिलेल्या स्वररेषा, व हरताळ लावून सुधारलेलीं अक्षरें यांची नोंद घ्यावी. एकाच अक्षरावर पुनःपुन्हा हरताळ लागला असेल तर तेंहि टिपावें, कारण विद्यार्थ्याची जीभ कोठें अडली होती याची खूण कधीं कधीं लेखणींतहि उतरते. दुसरें, ज्या पाठशाळा आज चालू आहेत तेथील पाठ ध्वनिमुद्रित करतांना केवळ घनपाठ्यांचे निर्दोष पाठ घेऊन थांबूं नये. वैदिक पठनपरंपरेस युनेस्कोनें २००३ त मानवजातीच्या वारशांत गणलें, तेव्हांपासून अशा मुद्रणाकडे लक्ष वाढलें आहे. परंतु पहिल्या वर्षाच्या मुलाचा पाठ, त्याची चूक, व गुरूनें ती सुधारतांना वापरलेले शब्द, हेंहि मुद्रित व्हावें. गुरु ओंठ कसे धरावयास सांगतो, हातानें स्वर कसा दाखवितो, आणि मूल भ्यालें तर काय करतो, हें कोणत्याहि पोथींत सांपडणार नाहीं.

लिहितांना चुकलेल्या अक्षरावर आमचे पूर्वज हरताळ लावीत, पान फाडून टाकीत नसत. चुकलेल्या उच्चारास तीच रीत लावणारे गुरूहि झाले असतील. विलंबित वृत्तीचा नियम त्यांच्याच अनुभवांतून निघाला असावा. त्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत, पण त्यांची रीत या चार-सहा पानांच्या पोथ्यांत राहिली आहे, आणि तेवढ्यासाठीं तरी त्या जपल्या पाहिजेत.